हादरा एकच, धास्ती घरोघरची वेगळी

आपल्या कार्यक्षेत्रात असे गाव क्वचितच सापडेल, की ज्यातील चार-दोन घरे वसई-विरारला नाहीत. गिरण्या चालू होत्या तोवर आपली माणसे लालबाग-परळच्या चाळींत दाटीवाटीने राहत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, खोल्या गेल्या, आणि माणूस लोकलच्या रुळाने उत्तरेला सरकत सरकत भाईंदरची खाडी ओलांडून नायगाव, वसई, नालासोपारा, विरारला जाऊन टेकला. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होऊन जे काही हातात उरले, त्यातून कित्येक सभासदांनी धाकट्या भावाला नाहीतर पोराला तिकडे वन रूम किचन घेऊन दिले आहे. तेव्हा वसई-विरारचे बरे-वाईट ते आपल्या गावचेच बरे-वाईट, असे समजायला हरकत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू-तलासरी तालुक्यांत, जमीन वरचेवर हलू लागली. वर्तमानपत्रांत 'पालघर जिल्ह्यात भूकंपाचे धक्के' असे मथळे आले, की इकडून विरारला फोन जायचा, "काय रं, हललं म्हणं तिकडं?" तिकडचा पोरगा म्हणायचा, "आवं ते लांब हाय, डहाणूच्या फुडं. तुमच्या कोयनेचं काय ते सांगा." म्हणजे गावच्या माणसाला पोराच्या बिल्डिंगीची काळजी, आणि पोराला गावच्या धरणाची. स्वतःच्या पायाखालच्या जमिनीबद्दल मात्र दोघेही निवांत! भूकंपाच्या भीतीचे हे असेच आहे. ती भूगर्भातून जितकी येते, तितकीच आठवणीतून येते. ज्याने जे पाहिले, त्याला तेच दिसते.

विरार-नालासोपाऱ्याकडची एखादी चार माळ्यांची बिल्डिंग डोळ्यांपुढे आणा. तळाला दुकान कच्छी माणसाचे. पहिल्या माळ्यावर आपला पाटण तालुक्यातला गडी. त्याच्या समोर लातूर-धाराशिवकडचे बिऱ्हाड. वर बिहारचे कुटुंब. दाराशी वॉचमन नेपाळचा, आणि शेजारच्या प्लॉटवर नवे बांधकाम चालले आहे तिथे बिगारी काम करणारी आदिवासी जोडपी डहाणू-तलासरीची. जमीन एकदाच हलेल, पण या सहा जणांच्या मनात सहा निरनिराळे भूकंप होतील. ते कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या कोयनेचा

पाटणच्या गड्यापासून सुरुवात करू, कारण त्याचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. ऐन थंडीत, साखरझोपेत असताना कोयनानगर आणि आसपासची गावे भुईसपाट झाली. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो जायबंदी आणि बेघर झाली. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या सुमारास होती. मुंबईला जाणारी कोयनेची वीज तुटली. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले, आणि पुढे ते चांगले बळकट करण्यात आले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला एक मोठा धक्का बसून गेला होता, हे आज फारसे कुणी सांगत नाही.

त्या पहाटेनंतर आपल्याकडच्या माणसाला भूकंप म्हटले की घर आठवत नाही, आधी धरण आठवते. रात्री खिडकीचे तावदान वाजले तर म्हातारी माणसे नदीच्या बाजूला कान देतात. जुनी समजूत, शेषाने फणा हलवला, धरणीमाय कूस पालटली, ही होतीच. तिच्या शेजारी ही नवी भीती येऊन बसली. आणि ती अगदीच अडाणी नव्हती. शिवाजीसागर १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि त्यानंतरच या भागात धक्क्यांची नोंद होऊ लागली. जलाशयाचे पाणी खोल भेगांत मुरते, खडकांच्या सांध्यातला दाब वाढतो, आणि मुळातच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञ सांगतात. ताण जमिनीचा स्वतःचा, पाणी फक्त चिमटा काढते. जगभर या प्रकारच्या भूकंपांचे नाव निघाले की पहिले उदाहरण कोयनेचे देतात. कराडजवळ त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची तपासणी केलेली आहे. आपण विहिरीला साठ फूट गेलो तरी दमतो!

आणि याच पाण्यावर आपण जगतो, हेही विसरता येत नाही. कोयनेच्या १०५ टी.एम.सी. साठ्यातले बहुतेक पाणी वीज करून पश्चिमेला समुद्राकडे जाते. उरलेले नदीने खाली येऊन कराडला कृष्णेला मिळते, आणि त्यावर खालचा ऊस उभा राहतो. ज्याने भिववले त्यानेच जगवले. त्यामुळेच की काय, कोयनेकाठचा माणूस तीन-साडेतीनच्या धक्क्याला हातातला चहाचा कप खाली ठेवत नाही. सवय झाली आहे. सवय चांगली की वाईट, ते पुढे पाहू.

डहाणू-तलासरीची जमीन

शेजारच्या प्लॉटवरच्या बिगाऱ्याची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. त्याच्या गावाकडे कोयनेसारखा किंवा किल्लारीसारखा एक मोठा भूकंप झालाच नाही. झाले ते छोटे छोटे हजारो धक्के. धुंदलवाडी हे नाव त्यापूर्वी डहाणू तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हते, ते महाराष्ट्रभर झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने येऊन यंत्रे बसवली. त्यांच्या नोंदीत दिवसाला कितीतरी धक्के यायचे. बहुतेक माणसाला न कळणारे, काही भांडी वाजवणारे, आणि मधूनच एखादा भिंत तडकवणारा. त्यांतला एक मोठा १ फेब्रुवारी २०१९ चा, ४.१ चा. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून डोक्याला मार लागला आणि हळदपाड्याची दोन वर्षांची मुलगी गेली. घर तिच्या अंगावर पडले नव्हते. तिचा जीव पळापळीने घेतला.

४.१ आणि ६.३ यांत फरक तो किती, असे कुणी म्हणेल. हा हिशेब सभासदांनी नीट समजून घ्यावा. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. काट्यावर एक बैलगाडी आणि बत्तीस बैलगाड्या, असा तो फरक. दोन आकड्यांनी वाढला की हजार पट. म्हणजे कोयनेचा १९६७ चा भूकंप डहाणूच्या त्या धक्क्याच्या सुमारे दोन हजार पट मोठा होता. मग डहाणूकरांनी एवढे घाबरायचे कारण काय?

कारण दोन. एक तर तिकडचे धक्के जमिनीखाली फार खोलवर होत नाहीत. ते उथळ असल्याने लहान असले तरी थेट पायाखाली बसतात आणि सुरुंग उडाल्यासारखा आवाज देतात. आधी धडाम, मग हादरा. आणि दुसरे, ते संपत नाहीत. कोयनेला एका रात्रीत जे व्हायचे ते झाले आणि मग माणसे ढिगारे उपसायला मोकळी झाली. इथे ढिगारा नाही, पण झोपही नाही. त्या हिवाळ्यात सरकारने तंबू दिले, आश्रमशाळांतील मुले तंबूंत झोपवली, लोक आपापल्या अंगणात शेकोटी करून रात्री काढू लागले. 'मोठा येणार का?' या प्रश्नाला शास्त्रज्ञांकडे होय किंवा नाही असे उत्तर नव्हते, आणि ते त्यांनी दिले नाही, हेच बरे केले. असे लहान धक्क्यांचे झुंड बहुतेक वेळा आपोआप विरून जातात. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

पावसाचे पाणी खडकाच्या फटींत मुरल्याने हे धक्के होत असावेत, असा एक विचार अभ्यासकांनी मांडला आहे. या बाजूची जमीन भेगाळलेली आहे याची खूण वसईच्या माणसाला फार जुनी आहे, फक्त तो तिच्याकडे देवाची कृपा म्हणून पाहतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे! खोल गेलेले पाणी तापून भेगांवाटे वर येते तेव्हाच असे झरे लागतात, आणि ही झऱ्यांची ओळ कोकणातून खाली राजापूरपर्यंत जाते. १९८३ साली शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरातही धक्क्यांची अशीच मालिका झाली होती. वसई-विरारला सूर्या नदीचे पाणी येते ते याच जिल्ह्यातल्या धामणी धरणातून. कोयनेकाठी वाढलेल्या माणसाला ही एवढी माहिती पुरे असते. तो विरारला नळाखाली बादली लावतो आणि त्याच्या डोक्यात धरण उभे राहते.

दगडाची भीती, पाचटाचा आधार

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला धरण आठवत नाही. त्याला भिंत आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप ६.२ चा, म्हणजे कोयनेहून काही मोठा नव्हे. मग माणसे इतकी का गेली? तर दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, आणि वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दरवर्षी माती टाकून जाड केलेले माळवद. दगडांचा एकमेकांशी सांधा नाही. हादरा बसताच आतले-बाहेरचे पदर सुटले आणि वरचा मातीचा भार खाली आला.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, लोक घाबरले होते. पुढे धक्के कमी झाले आणि माणसे घरांत परतली. सरकारी नकाशात तो भाग त्या वेळी सर्वांत निर्धोक म्हणून दाखवलेला होता. म्हणून डहाणूकडे 'किरकोळ आहेत, होतील बंद' असे कुणी म्हणाले, की मराठवाड्याचा माणूस मान डोलवत नाही. भूकंपानंतर त्या भागात लोक वर्षानुवर्षे धडधाकट घर सोडून बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये निजत. उन्हाळ्यात पत्रा तापून जीव नकोसा होतो, पण पत्रा अंगावर पडला तर माणूस मरत नाही.

इथे एक गोष्ट सुचते ती लिहून टाकतो. दर गळीत हंगामाला मराठवाड्यातून आपल्याकडे तोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्या कोपीत ना उजेड ना आडोसा, आणि ती तशीच असावी असे कुणाही सभासदाने म्हणू नये. पण नुसत्या भूकंपाचा विचार केला, तर आपल्या गावातल्या दगडी माडीपेक्षा ती कोपी शंभर पटीने निर्धोक. डहाणूकडचे कारवीच्या काठ्यांचे, शेणामातीने लिंपलेले कुडाचे घरही तसेच. ते हलते, वाकते, पडले तरी जीव घेत नाही. कच्छमध्ये गोल मातीची 'भुंगा' घरे असतात, तीही २००१ मध्ये बऱ्यापैकी टिकली. गरिबाने हलके बांधले ते वाचले. पैसा आल्यावर जड बांधले, आणि जड बांधताना जोडायला विसरले, ते पडले.

तळमजल्यावरचा कच्छी दुकानदार दुकान सोडून आधी रस्त्यावर येईल, आणि रस्त्यावरही भिंतींपासून लांब उभा राहील. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. ७.७ चा, म्हणजे कोयनेच्या सव्वाशे पट ऊर्जेचा भूकंप. अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. त्या सकाळी मुंबईकडेही उंच मजल्यांवरचे पंखे हलले. पण वसई-विरारने लक्षात ठेवायची गोष्ट कच्छची नव्हे, अहमदाबादची आहे. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या त्या शहरात कितीतरी बहुमजली इमारती बसल्या आणि सातशेच्या वर माणसे गेली. त्यांतल्या पुष्कळ इमारतींना खाली गाड्या लावायला मोकळी जागा, म्हणजे नुसते खांब, आणि वर विटांच्या भिंतींचे चार-पाच-दहा मजले. वरचा भाग घट्ट, खालचे पाय काटकुळे. हलल्यावर पाय मोडले.

नेपाळी वॉचमनला २५ एप्रिल २०१५ चा शनिवार आठवतो. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली. शनिवार म्हणजे त्यांच्याकडे शाळेला सुट्टी, आणि वेळ दुपारची, म्हणून शेतावर असलेले आणि शाळेत नसलेले वाचले. आपल्याकडे दोन्ही मोठे भूकंप पहाटेचे. वेळेवर किती अवलंबून असते ते यावरून कळावे.

बिहारच्या कुटुंबाची गोष्ट जुनी, १५ जानेवारी १९३४ ची, आज्या-पणज्यांकडून ऐकलेली. पण ऊस लावणाऱ्याने ती जरूर ऐकावी. उत्तर बिहारात तेव्हा ऐन गळिताचा हंगाम. जमीन अशी हलली की तिच्यातून पाणी आणि वाळू कारंज्यासारखी वर आली, विहिरी वाळूने बुजल्या, पिकाची राने वाळूखाली गेली. कितीतरी साखर कारखाने निकामी झाले आणि शेतात ऊस तसाच उभा. मग बैलांचे चरखे पुरवून गूळ पाडायची वेळ आली. गाळाच्या ओल्या जमिनीला जोराचा हादरा बसला की ती क्षणभर चिखलासारखी पातळ होते आणि तिच्यावरचे बांधकाम खचते, कलते.

आता वसई-विरारची जमीन कशी आहे? तुंगारेश्वरचा आणि जीवदानीचा डोंगर काळ्या खडकाचा, पण खाली खाडीपर्यंत पसरलेला भाग गाळाचा, खारटणाचा, भातखाचरांचा, मिठागरांचा. त्यावर भराव टाकून बिल्डिंगी उठल्या आहेत. मूळच्या वसईकराला विचाराल तर तो भूकंपाबद्दल फार बोलणार नाही. त्याची बैठी कौलारू घरे, वाड्या, विहिरी. त्याची काळजी पावसाच्या पाण्याची. भराव टाकून नाले बुजवले, मग पाणी जाणार कुठे, हा त्याचा प्रश्न. जुन्या भूकंप-याद्यांत मुंबई-वसईच्या नावावर मे १६१८ चा एक भूकंप मांडलेला आढळतो, दोन हजार माणसे गेल्याचा. पण वर्णन वाचले तर सोसाट्याचा वारा, शहरात शिरलेला समुद्र आणि उडालेले चर्चचे कळस. ते वादळच असावे, असे आता अभ्यासकांना वाटते. म्हणजे वसईकराची पाण्याची भीती चारशे वर्षे जुनी आहे आणि ती खरी आहे.

२००२ च्या भारतीय मानक नकाशात पाचवा पट्टा सर्वांत धोक्याचा. कच्छ त्यात, कोयना चौथ्यात, आणि मुंबईसह वसई-विरारचा भाग तिसऱ्यात. म्हणजे मध्यम धोका. चांगल्या बांधलेल्या इमारतीने मध्यम भूकंपाला भिऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. पण चांगली बांधलेली कोणती? २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही चार माळ्यांची बिल्डिंग मध्यरात्री कोसळून सतरा माणसे गेली. त्या रात्री जमीन हललीही नव्हती! बांधकाम बेकायदेशीर होते. अशी बिल्डिंग तीन-साडेतीनच्या धक्क्याला काय करील, ते सांगायला शास्त्रज्ञ नको. आणि कोयनेची सवय अंगी भिनलेला आपला गडी तिथे चहाचा कप हातात धरून बसला असेल, तर ती सवय घातक. कोयनानगरच्या बैठ्या पत्र्याच्या घरात बसून राहणे वेगळे आणि विरारच्या चौथ्या माळ्यावर बसून राहणे वेगळे.

तेव्हा यंदाच्या बिलातून कुणी तिकडे जागा घेणार असेल तर इसार देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. बांधकाम परवानगी आहे का, आणि महापालिकेचा भोगवटा दाखला मिळाला आहे का. महारेराचा नोंदणी क्रमांक काय. नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे का. भराव किती आणि पाया कुठवर नेला आहे. नोटरीच्या कागदावर स्वस्तात जागा देतो म्हणणाऱ्याकडे या चारही प्रश्नांना उत्तर नसते, तो म्हणतो, "अहो काका, सगळे असेच घेतात." बांधकाम चालू असेल तर स्लॅब पडण्याआधी एकदा स्वतः जाऊन कॉलमच्या रिंगा पाहाव्यात. त्या जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोके आत वळवलेली हवीत. खांब फुटू लागला की सळई धरून ठेवतात त्या रिंगाच. जुन्या बिल्डिंगीत खालच्या खांबांची सळई गंजून बाहेर दिसत असेल, तर वरच्या रंगरंगोटीवर भुलू नये.

गावी नवे घर बांधणाऱ्यानेही गवंड्याला सांगून जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली सिमेंट-सळईची पट्टी चारही भिंतींवरून सलग फिरवून घ्यावी. दगडी भिंत असेल तर दोन-तीन फुटांवर आरपार जाणारा जोडदगड घालायला लावावा. किल्लारीनंतर सरकारने गावोगाव हेच सांगितले होते. खर्च घराच्या मानाने थोडा येतो. आणि तिकडच्या पोराला एवढे सांगून ठेवावे, की हलू लागले तर जिन्याकडे आणि लिफ्टकडे धावू नको, पोरांना घेऊन भक्कम टेबलाखाली जा, डोके झाक, आणि थांबल्यावर खाली उतर. हळदपाड्याची मुलगी धावपळीत गेली, हेही त्याला सांगावे.